थेंबभर पाणी, पक्का पुरावा

रात्री ठणठणीत झोपलेला माणूस पहाटे पायाचा अंगठा धरूनच उठतो. अंगठा लालबुंद, टम्म सुजलेला. नुसती चादर लागली तरी कळ मस्तकात! मग घरात सल्ले सुरू : टोमॅटो बंद करा, युरिक ॲसिड चेक करा. रिपोर्टमध्ये आकडा वाढलेला असला की ‘गाऊट’चा शिक्का, नॉर्मल आला की ‘छे, गाऊट नाहीये’.

हे दोन्ही निष्कर्ष साफ चुकू शकतात. युरिक ॲसिड वाढलेल्या बऱ्याच जणांना गाऊट कधीच होत नाही. उलट ऐन दुखण्यात रक्तातला आकडा चक्क नॉर्मल येऊ शकतो. खरा पुरावा असतो सांध्यातल्या पाण्यात.

सांध्यात वंगणासारखं थोडं पाणी असतंच. सूज आली की ते वाढतं. डॉक्टर ते सुईने काढतात आणि त्याचा थेंब पोलराइज्ड लाइटच्या मायक्रोस्कोपखाली जातो. हो, बारावीच्या फिजिक्समधलं तेच पोलरायझेशन, जे आपण ‘याचा उपयोग काय?’ म्हणत रट्टा मारून पाठ केलं होतं! गुलाबी-जांभळ्या पार्श्वभूमीवर सोडियम युरेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक चमकतात. मायक्रोस्कोपमधल्या एका ठरावीक अक्षाला समांतर असले तर पिवळे, काटकोनात असले तर निळे. ‘स्यूडोगाऊट’ नावाच्या आजारात सांधा असाच सुजतो, पण तिथे कॅल्शियमचे आखूड स्फटिक असतात आणि रंगांचा हिशोब बरोबर उलटा.

गाऊटच्या गाठीतले स्फटिक लीवेनहूकने १६७९ मध्येच पाहिले होते. पण पोलराइज्ड लाइट वापरून सांध्याच्या पाण्यात ते ओळखण्याची पद्धत अमेरिकेतल्या डॅनियल मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर यांनी मांडली ती थेट १९६१ मध्ये.

प्रत्येक वेळी सुई टोचावीच लागते असं नाही. नेहमीचंच चित्र असेल तर लक्षणांवरूनही उपचार होतात. पण एकच सांधा अचानक सुजला आणि सोबत ताप असेल, तर सुईला घाबरून टाळाटाळ नको. कारण जंतुसंसर्गातही सांधा हुबेहूब असाच दिसतो आणि उपचाराला उशीर झाला तर तो कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून त्याच पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात, कल्चरही लावतात. युरेटचे स्फटिक सापडले तरीसुद्धा, कारण गाऊट आणि जंतू कधी कधी एकाच सांध्यात मुक्कामाला असतात.