घरी बनवलेला स्कूबा सेट : कमी पाण्यातही जीवावर का बेततो?

पाइप, बाटली किंवा कॉम्प्रेसर वापरून ‘घरीच स्कूबा सेट बनवा’ असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. ‘विहिरीत किंवा स्विमिंग पूलमध्येच तर करायचंय, समुद्रात थोडंच जायचंय!’ असं वाटतं ना? पण खरा धोका याच उथळ पाण्यात आहे. कसा, ते समजून घेऊया.

1) लांब पाइपने श्वास का घेता येत नाही?

1 मीटर खोलीवर पाणी शरीराच्या दर चौरस सेंटीमीटरवर 100 ग्रॅम जास्त भार टाकतं. छातीचा 30 बाय 30 सेंमी भाग धरला, तर हा भार होतो 90 किलो! पाइपमधून येणारी हवा मात्र वरच्याच दाबाची असते. त्यामुळे छाती फुगवायला ताकदच पुरत नाही.

दुसरी अडचण म्हणजे सोडलेला श्वास. 1 इंची, 2 मीटर लांब पाइपमध्ये साधारण 1 लिटर हवा मावते. आपला साधा श्वास असतो अर्ध्या लिटरचा. म्हणजे सोडलेली हवा पाइपमध्येच अडकते आणि आपण तीच पुन्हा ओढतो. कार्बन डायऑक्साइड वाढतो, गरगरतं आणि पाण्यातच शुद्ध हरपू शकते. दुकानातला स्नॉर्केल फक्त 35-40 सेंमीचा असतो, तो यामुळेच.

2) मग कॉम्प्रेसरने हवा सोडली तर?

पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर टायरसाठी असतो, फुफ्फुसांसाठी नाही. त्याच्या हवेत तेलाचे कण असू शकतात. तो पेट्रोल इंजिनवर चालत असेल, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत खेचला जाऊ शकतो. या वायूला वासच नसतो, त्यामुळे कळतही नाही.

3) सर्वात मोठा धोका : श्वास रोखून वर येणं

समजा, 3 मीटर खोलीवर तुम्ही 5 लिटर हवा छातीत भरली आणि घाबरून श्वास रोखून वर आलात. दाब कमी होताच तीच हवा साडेसहा लिटर व्हायला बघते. फुफ्फुस फाटू शकतं, हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. छाती पूर्ण भरलेली असेल, तर हे जेमतेम सव्वा मीटरवरूनही घडू शकतं. उलटी बादली खाली नेऊन तिच्यातली हवा घेतली, तरी हाच धोका!

वरून दम भरून बुडी मारली तर असं होत नाही, कारण ती हवा वर येताना फक्त मूळ आकाराला येते.

खऱ्या स्कूबामध्ये वेगळं काय?

त्यात रेग्युलेटर असतो. तो आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने हवा देतो आणि सोडलेला श्वास बाहेर टाकतो. 1943 मध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी फ्रान्समध्ये असं उपकरण तयार केलं. तरीही ‘श्वास कधीच रोखू नका’ हा स्कूबा शिकताना पहिला नियम असतो.

कुणी असा प्रयोग केलाच तर?

पाण्याबाहेर आल्यावर छातीत दुखणं, थुंकीत रक्त, हातापायाला मुंग्या, बोलताना अडखळणं किंवा चक्कर यांपैकी काहीही दिसलं, तर त्याला आडवं झोपवा आणि लगेच 108 ला फोन करा. ‘पाण्याखाली हवा घेतली होती’ हे डॉक्टरांना नक्की सांगा. ओरडा बसेल म्हणून लपवू नका.

पाण्याखालचं जग बघायचंय? मग तारकर्लीसारख्या ठिकाणी प्रशिक्षित माणसासोबत उतरा. आणि असा व्हिडिओ तुमच्या ग्रुपवर आला, तर त्याखाली ही माहिती नक्की शेअर करा.