पाइंट, क्वार्ट, लिटर : जुन्या लष्करी गाड्यांच्या तेलाचा हिशेब

दुसरे महायुद्ध संपले आणि भारतात उरलेली लष्करी वाहने डिस्पोजलमध्ये निघाली. त्यांच्यासोबत आलेल्या मॅन्युअलमधला एक घोळ मात्र पुढची कित्येक वर्षे मिटला नाही : गिअरबॉक्समध्ये तेल नेमके किती भरायचे? आलापल्लीपासून बल्लारशाहपर्यंतच्या सागवानी पट्ट्यात, म्हणजे १९८२ साली गडचिरोली वेगळा होण्याआधीच्या अखंड चंद्रपूर जिल्ह्यात, हा प्रश्न पुस्तकी राहूच शकत नव्हता. नाला ओलांडताना ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत गेले की गिअर ऑइल दुधाळ होते आणि ते बदलावेच लागते. अशा वेळी दोन पुस्तके दोन आकडे सांगतात, तेव्हा त्यातले एक चुकीचेच असणार असे वाटते. बहुतेक वेळा तसे नसते. दोन्ही आकडे खरे असतात, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे असतात.

पहिला फरक मापाचा. अमेरिकन पाइंट ४७३ मिलिलिटरचा, ब्रिटिश ५६८ चा. भारतीय सैन्याकडे अमेरिकन गाड्या होत्या, तशाच ब्रिटिश माप चालणाऱ्या कॅनडातल्या शेवरले आणि फोर्डही होत्या. १९५६ च्या कायद्याने आपण मेट्रिक मापांकडे वळलो, १९५९ पासून जबलपूरला जर्मन परवान्याचा शक्तिमान ट्रक तयार होऊ लागला आणि लिटरची तिसरी भाषा आली. दुसरा फरक मॉडेलचा. लष्कराच्या कागदोपत्री ‘पाव टनी ट्रक’ असलेल्या जीपच्या गिअरबॉक्सला पाऊण अमेरिकन क्वार्ट (दीड पाइंट), म्हणजे ०.७१ लिटर तेल लागे. तेच माप ब्रिटिश समजले तर ०.८५ लिटर होते. युद्धानंतरच्या नागरी जीपचा गिअरबॉक्सच निराळा, त्याला एक क्वार्ट, म्हणजे ०.९५ लिटर. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन जीपांचे हे तीन आकडे माप आणि मॉडेल या दोन कारणांनी जन्मले. तिसरा फरक स्थितीचा : पूर्ण उघडून कोरड्या केलेल्या गिअरबॉक्सला जितके तेल लागते, तितके ड्रेन प्लग काढून रिकाम्या केलेल्याला लागत नाही, कारण थोडे आतच चिकटून राहते. विंचसाठी पॉवर टेक-ऑफ जोडला असेल, तर त्याच्या पोकळीचीही भर पडते.

लाकडाच्या डेपोवर असला दुहेरी हिशेब नवा नाही. लठ्ठ्याच्या गोलाईच्या चौथाईचा वर्ग करून त्याला लांबीने गुणले, तर येणारे घनफूट त्याच गोल लठ्ठ्याच्या खऱ्या घनफळापेक्षा सुमारे साडेएकवीस टक्के कमी भरते. म्हणून कुणी ते माप खोटे म्हणत नाही; कोणत्या रीतीने मोजले एवढेच विचारतात. तेलाच्या आकड्यालाही हाच प्रश्न विचारायला हवा.

यावर आक्षेप येईल की मग आकडे हवेतच कशाला, फिलर प्लगच्या भोकापर्यंत तेल आले की झाले. निर्णायक पुरावा ते भोकच, हे खरे. पण गाडी उतारावर उभी असेल तर तेही फसवते, आणि जीपमध्ये झिजलेल्या सीलमधून तेल ट्रान्सफर केसमध्ये उतरले, तर दोन्ही पातळ्या वेगळ्या तपासाव्या लागतात. जास्त भरले तर तेल फेसाळते आणि सील फोडून क्लचपर्यंत पोहोचते. म्हणून आकडा पडताळणीसाठी हवा : सपाट जागेवर भरताना अपेक्षेपेक्षा फार कमी तेल मावले, तर आत पाणी वा जुने तेल शिल्लक आहे असा संशय घ्यावा. दुसरा आक्षेप, लष्करी मॅन्युअलच अंतिम मानावे. ते मानावेच, पण ज्या गिअरबॉक्ससाठी ते छापले त्याच्यापुरते. अनेक दशके दुरुस्त होत आलेल्या गाडीत तोच गिअरबॉक्स उरला आहे का, हे मॅन्युअलचे कव्हर पाहिल्यावर कळत नाही, कास्टिंगवरचा क्रमांक पाहिल्यावर कळते. म्हणून लॉगबुकात नुसते ‘तेल बदलले’ असे न लिहिता गिअरबॉक्सचा क्रमांक, लिटरमधले माप आणि ‘कोरडा’ की ‘निथळलेला’ या तीन नोंदी टाकाव्यात. पुढच्या मेकॅनिकला दोन पुस्तकांत न्यायनिवाडा करावा लागणार नाही.