वीरगळांची साक्ष

महाराष्ट्रातील जुन्या गावांत देवळाच्या आवारात, वेशीपाशी किंवा पाराच्या कट्ट्याला टेकून उभी असलेली, चौकटीचौकटींतून आकृती कोरलेली उभट शिळा ज्याने पाहिली नाही असा वाटसरू विरळाच. परंतु ती पाहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते की हा कोणा देवाचा तांदळा नव्हे, गावासाठी किंवा धन्यासाठी देह ठेवलेल्या एका मनुष्याचे हे स्मारक आहे. गावकरी तिला शेंदूर फासतात, अमावास्येला नारळ फोडतात आणि तिच्यावरील घोडेस्वाराला कधी खंडोबा, कधी म्हसोबा समजून नवस बोलतात. हिलाच वीरगळ म्हणतात. मान, कर्तव्य आणि शौर्य यांविषयी आपल्या पूर्वजांची कल्पना काय होती हे समजून घ्यावयाचे, तर राजांच्या ताम्रपटांइतकीच या मूक शिळांची साक्ष काढली पाहिजे, असे मला वाटते.

वीरगळ वाचावयाचा तो खालून वर. सर्वांत खालच्या चौकटीत युद्धाचा प्रसंग असतो, किंवा त्या युद्धात पडलेला वीर आडवा दाखविलेला असतो. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्या वीराला दोन्ही बाजूंनी हात देऊन स्वर्गाकडे नेत असतात. आणि त्याहून वर, बहुधा शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला तोच वीर असतो, शेजारी पूजा सांगणारा पुरोहित असतो, क्वचित नंदीही असतो. जैन वस्तीत शिवलिंगाच्या जागी तीर्थंकराची मूर्ती येते. माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य, म्हणजे आकाशात हे दोघे आहेत तोवर ही कीर्ती टिकावी, असा संकेत. रणांगणात मारला गेलास तर स्वर्ग मिळवशील, हे श्रीकृष्णाने अर्जुनाला सांगितलेले तत्त्व ज्याला अक्षर वाचता येत नव्हते अशा कुणब्यालाही कळावे, इतक्या सोप्या रीतीने पाथरवटाने ते येथे मांडलेले आहे.

खालच्या चौकटीकडे मात्र अधिक निरखून पाहावे. तेथे पुष्कळदा गाई असतात. कोठे एकामागे एक चाललेल्या, कोठे घाबरून एकत्र दाटलेल्या, आणि त्यांच्यापुढे ढाल-तलवार घेऊन उभा असलेला एकटा मनुष्य. ज्या काळी शेत, खत, दूध आणि वाहतूक ही सारी जनावरांवर चालत असत, त्या काळी गोधन पळविणे म्हणजे गावाचा कणाच मोडणे होते. विराटाच्या गाई वळविण्यासाठी कौरवांची सेना निघाली आणि बृहन्नडेचा वेष टाकून अर्जुनाला धनुष्य घ्यावे लागले, ही महाभारतातील कथा त्याच व्यवहाराची साक्ष देते. तेव्हा गुरे राखताना मेलेल्या माणसाला गावाने स्वर्गात बसविले याचा अर्थ असा, की मुलूख जिंकणाऱ्याच्या मानाहून वेगळा, आणि माझ्या मते अधिक गाढ, असा एक मान या भूमीने राखणाऱ्याला दिला होता. ही दृष्टी राजसभेत जन्मली नसावी. गोठ्याच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसांनी ती घडविली असली पाहिजे.

राखणाऱ्याचा हा मान मनुष्यापुरताच राहिला नाही. राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाच्या काळी, सुमारे ९४९ साली, तक्कोलम येथे चोळांशी जे युद्ध झाले त्यात चोळ राजपुत्र राजादित्य मारला गेला. त्या युद्धात गंग राजा बूतुग याचा सेवक मणलेर याने मोठा पराक्रम केला. धनी प्रसन्न होऊन काय हवे म्हणून विचारू लागला, तेव्हा मणलेराने त्याच्याजवळची काली नावाची कुत्री मागून घेतली. पुढे ती एका रानडुकरावर सोडली असता झुंजीत दोघेही मेले. तिच्या स्मरणार्थ आज कर्नाटकातील मंड्य जिल्ह्यात असलेल्या आतकूर गावी देवळासमोर शिळा उभी राहिली, जमीन लावून दिली गेली, आणि त्या शिळेची पूजा केल्यावाचून जो पुजारी जेवील त्याला त्या कुत्रीचे पाप लागेल, असेही दगडावर कोरून ठेवण्यात आले. ज्याने नेमून दिलेले काम प्राणापलीकडे केले तो पूज्य, मग त्याची योनी कोणतीही असो, हा विचार मला फार मोठा वाटतो.

वीरगळ जसे गोठ्याच्या राखणीचे, तसे समुद्रावरच्या झुंजीचेही आहेत. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर येथे जे वीरगळ आहेत त्यांवर वल्ह्यांच्या रांगांसह लढाऊ जहाजे कोरलेली आहेत. सुमारे १२६५ साली देवगिरीच्या महादेव यादवाने उत्तर कोकणच्या शिलाहार सोमेश्वराचा पाडाव केला. महादेवाचा मंत्री हेमाद्री याने आपल्या धन्याच्या प्रशस्तीत सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचे वर्णिले आहे, आणि एक्सरच्या शिळांवरील आरमारी झुंज तीच असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. प्रशस्ती जेत्याची असते. एक्सरच्या शिळांना मात्र कोण जिंकले याच्याशी कर्तव्य नाही. वीर पडला, अप्सरा आल्या, तो शिवापुढे बसला, एवढेच त्या सांगतात. 

पुढे मराठेशाहीत वीरगळांची प्रथा क्षीण झाली, तरी तिच्यामागचे ऋण फिटले नाही. ते दगडावरून दप्तरात गेले. पुरंदरावर १६६५ साली किल्ला लढविणाऱ्या मुरारबाजीला मोगल सरदार दिलेरखानाने कौल देऊ केला, मान देऊ केला, आणि मुरारबाजीने तो झिडकारून तलवार चालविली, ही सभासदाच्या बखरीतील हकीकत सर्वश्रुत आहे. खाल्ल्या मिठाला जागणे हा त्या नीतीचा गाभा होता. पण मीठ ही एकतर्फी गोष्ट नव्हती. शिपाई कामास आला म्हणजे त्याच्या पोराबाळांस बालपरवेशी, म्हणजे निर्वाहाची नेमणूक, चालविणे, मुलाच्या नावे सनद करून देणे, ही धन्याची बाजू होती, आणि ती न सांभाळणारा धनी लोकांच्या मनातून उतरे. १६६० साली घोडखिंडीत बांदलांच्या मावळ्यांनी देह टाकले, तेव्हा शिवाजीमहाराजांनी तोवर जेधे घराण्याकडे असलेले दरबारातील मानाचे पहिले पान जेध्यांच्या संमतीने बांदलांना दिले, असे परंपरा सांगते. पान ते काय, दोन घटकांत चघळून संपणारे. परंतु घराण्याच्या मानासाठी पिढ्यान्‌पिढ्या कज्जे लढणाऱ्या त्या समाजात आपला अग्रमान दुसऱ्यास सोडून देणे हे जेध्यांचेही शौर्यच होते.

या आदर्शाची दुसरी बाजू दडवून ठेवणे मला रुचत नाही. वीरगळाच्या शेजारी कित्येकदा सतीशिळा असते: एका खांबातून निघालेला, कोपरात काटकोनात वाकलेला स्त्रीचा हात, आणि त्यात बांगड्या भरलेल्या, म्हणजे तिचे सौभाग्य अखंड राहिले असा भाव. वीराला रणात निदान शस्त्र होते. त्या स्त्रीपुढे केवळ चिता होती, आणि भोवती जयघोष करणारा तोच समाज होता. जो लोकसमूह गुरे राखणाऱ्याला देव करतो, तोच एका विधवेच्या जळण्यालाही धर्म म्हणू शकतो, हे त्या दोन शिळा शेजारी शेजारी उभ्या राहून सांगतात. बंगालमध्ये १८२९ साली आणि मुंबई इलाख्यात १८३० साली ही प्रथा कायद्याने बंद झाली. त्या हाताला नमस्कार करताना त्या स्त्रीचे काय झाले याचे दुःख व्हावे, अभिमान नव्हे.

आज या शिळांची स्थिती केविलवाणी आहे. कोठे त्या धुणे धुण्यासाठी पालथ्या पडल्या आहेत, कोठे पायरीखाली गेल्या आहेत, आणि जीर्णोद्धाराच्या उत्साहात कित्येकींवर तैलरंग चढून खालच्या चौकटीतील गाई बुजून गेल्या आहेत. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. नाव नाही, शक नाही, राजाचा उल्लेख नाही. त्यामुळे शिळा ज्या वेशीवर, ज्या वाटेवर, ज्या कुरणाच्या तोंडाशी उभी आहे ती जागाच तिचा मजकूर होय. धाड कोणत्या बाजूने आली आणि माणूस कोठे आडवा झाला हे तीच सांगू शकते. म्हणून एखादी शिळा संरक्षणासाठी हलविणे भागच पडले, तर आधी तिचे मूळ ठिकाण, तोंडाची दिशा आणि सोबतच्या शिळा यांची नोंद व छायाचित्रे गावाच्या दप्तरी राहतील एवढे तरी ग्रामपंचायतीने आणि शाळेतील शिक्षकांनी पाहावे.