खाडीकाठच्या गोष्टी (भाग 7): पणजीची इगर्ज आणि नदी उतरून आलेली घंटा

देवबागच्या माणसाला नदीचं मुख समजावून सांगावं लागत नाही. एका अंगाला कर्ली, दुसऱ्या अंगाला दर्या आणि मधे आपली चिंचोळी वाळू. संगमावरची वाळू पावसाआधी इथं, पावसानंतर भलतीकडे. होडी कुठून घालायची ते दर मोसमात नव्यानं बघायचं. पणजीच्या मांडवी नदीचीही गत तीच. पावसाळ्यात आग्वादजवळ मुखाशी गाळ धरायचा आणि मोठ्या जहाजांना आत शिरणं कठीण व्हायचं. पणजीची इगर्ज, म्हणजे चर्च, पाहायची ती हे ध्यानात ठेवून.

शहराच्या ऐन चौकात, टेकडीच्या उतारावर ती इतकी ऐटीत बसली आहे की, राजधानीसाठीच बांधली असावी असं वाटतं. खरा क्रम उलटा आहे. 1541 साली इथं छोटं प्रार्थनामंदिर उभं राहिलं तेव्हा पणजी म्हणजे दलदल, माड, मासेमारांची वस्ती आणि काठावरचा आदिलशाही वाडा. राजधानी नदीच्या वरच्या अंगाला, ज्याला आपण आज जुनं गोवं म्हणतो तिथं. लिस्बनहून मार्च-एप्रिलात सुटलेली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे पाऊस ओसरल्यावर इथं लागत. सहा महिन्यांच्या त्या प्रवासात हिरड्या सुजून, रक्त वाहून माणसं मरत. जे वाचले ते आधी इथं उतरून मेरीमातेचे आभार मानायचे आणि मग वर शहराकडे जायचे. म्हणजे ही मुळात बंदराची इगर्ज. 1619 साली ती मोठी करून नव्यानं बांधली, तरी भोवती शहर असं नव्हतंच.

शहर नंतर तिच्यापाशी आलं. जुन्या गोव्यात साथीच्या रोगांनी माणूस टिकेना, तेव्हा 1759 मध्ये व्हाइसरॉयनं आपलं बिऱ्हाड पणजीच्या त्या आदिलशाही वाड्यात हलवलं. पुढे 1827 ते 1835 या काळात दों मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रू यानं दलदल भरून रस्ते आखले. 1843 साली पणजी रीतसर राजधानी झाली.

घंटेची गोष्ट मला इमारतीपेक्षा जास्त आवडते. ही घंटा पणजीची नव्हेच. जुन्या गोव्याच्या टेकडीवर ऑगस्टिनियन साधूंचं अवाढव्य चर्च होतं, तिथली ती. सरकारनं धार्मिक संघ बरखास्त केले, 1835 मध्ये मठ ओस पडला. 1841 साली घंटा उतरवून आग्वाद किल्ल्यावर नेली आणि पुढच्याच वर्षी त्या चर्चचं छप्पर कोसळलं. वर्षभर उशीर झाला असता तर? उरलेल्या मनोऱ्याचा अर्धा भाग 1931 मध्ये पडला. आज उभा दिसतो तो बाकीचा अर्धा.

आग्वादहून 1871 साली घंटा पणजीत आली. वजन सुमारे 2250 किलो. गोव्यात हिच्याहून मोठी फक्त जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलची. एवढं धूड टांगायचं कुठे? म्हणून दर्शनी भिंतीचा मधला भाग उंच चढवला. चौकात उभं राहून नीट बघा: दोन्ही बाजूंचे मनोरे आटोपशीर, आणि मधली कमान त्यांच्या डोक्यावरून वर गेलेली. मूळ आराखड्यात ती नव्हती हे डोळ्यांना जाणवतं. समोरचा नागमोडी जिनाही 19व्या शतकातलाच. डावीकडून-उजवीकडून येणाऱ्या पायऱ्या टप्प्याटप्प्यावर भेटतात, फाकतात, पुन्हा भेटतात. पांढऱ्या कठड्यांमुळे चढण आहे त्याहून मोठी भासते. तेव्हा पोस्टकार्डावर आपण जिला चारशे वर्षांची म्हणून न्याहाळतो, तिचा चेहरा बराचसा दीडशे वर्षांचा आहे. मला त्यात काही उणं वाटत नाही. आत मात्र फारसा थाट नाही. सोनेरी वेदी सोडल्या तर साधंच.

जायचं तर डिसेंबरात जावं. 8 तारखेला फेस्त. आधीचे नऊ दिवस नोव्हेना आणि भोवती फेरी, म्हणजे जत्रेची दुकानं. खाज्याचे ढीग बघून मालवणच्या माणसाला आपल्याच जत्रेत आल्यासारखं वाटेल. जवळच महालक्ष्मीचं देऊळ आहे. पोर्तुगीज राजवटीतच ते उभं राहिलं, हेही बघून यावं.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना मात्र पणजी चौकातून नव्हे, पाण्यावरून ठाऊक. मुंबईची बोट मालवण, वेंगुर्ला घेत मांडवीत शिरायची. सहा महिने दर्यात काढून येणाऱ्या खलाशांचीही वाट तीच.

पुढच्या भागात पणजीहून रायबंदरला जाणारा 17व्या शतकातला लांबलचक बांध-पूल, आणि तो ज्या खाजणातून जातो त्या खाजणाची शेती.