दोन पात्रांचं संगीत नाटक गावात बसवायचंय? आधी पेटीवाला शोधा

आमच्या गावच्या नाट्य मंडळाने यंदाच्या चैत्रातल्या यात्रेला दोनच पात्रांचं संगीत नाटक करायचं ठरवलंय. कारण कलेचं नाही, माणसांचं आहे. दोन वर्षांपूर्वी बारा पात्रांचं सामाजिक नाटक घेतलं होतं. त्यातली चार पोरं कंपनीत लागली, दोघांची सेकंड शिफ्ट आली आणि प्रयोगाच्या रात्री पाटील आणि फौजदार या दोन्ही भूमिका मला एकट्याला मिशी लावून-काढून कराव्या लागल्या. एकदा मिशी विंगेतच राहिली. लोक अजून त्यावरून हसतात. म्हणून या वेळी बैठकीत सगळ्यांचं एकमत झालं की पात्रं कमी तर कटकट कमी.

दोन महिन्यांच्या तालमीनंतर सांगतो, हे अर्धंच खरं आहे. कटकट कमी होत नाही. ती नटांकडून उठते आणि पेटीवाल्याकडे, माईककडे, कागदपत्रांकडे जाऊन बसते. शेजारच्या दोन-तीन गावांतून फोन आले की आम्हालाही असंच करायचंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

ही कल्पना आमच्या डोक्यात आली ती ‘संगीत देवबाभळी’मुळे. नाशिकच्याच प्राजक्त देशमुखांनी लिहिलेलं आणि बसवलेलं हे नाटक. आधी ती स्पर्धेतली एकांकिका होती, मग भद्रकाली प्रॉडक्शन्सने त्याचं पूर्ण व्यावसायिक नाटक केलं. रंगमंचावर फक्त दोन बायका. एक तुकोबांची आवली, दुसरी रखुमाई, जी लखूबाई होऊन आवलीच्या घरी राहायला येते. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी या दोघी त्यात स्वतः गातात, संगीत आनंद ओक यांचं. २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार या नाटकाच्या पुस्तकाला मिळाला. ते बघून आल्यावर आमच्यातला एकजण म्हणाला, “दोन बाया, एक चूल, एवढंच तर लागतंय. आपण करू.”

एवढंच लागत नाही, हे पहिल्या आठवड्यात कळलं.

संगीत नाटक आपल्याला नवीन नाही. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगमंचावर आलं, तेव्हापासून मराठी माणूस नाटकाला गाणं ऐकायला जातोय. पण त्या नाटकांत माणसं भरपूर. एकाने पद म्हटलं की तो आत जातो, पाणी पितो, दुसरा गद्य ओढतो. दोनच पात्रं असली की आत जायला सवडच नसते. संवाद म्हणायचा, चुलीपुढे बसायचं, उठायचं, हंडा उचलायचा आणि त्याच दमात सूर लावायचा. आमच्या एक वहिनी भजनात सुरेख गातात. पण भजनात मांडी घालून गातात. उभ्याने, डोक्यावर हंडा घेऊन पहिलीच ओळ त्यांना लागेना. शेवटी दिग्दर्शकाने त्यांना रोज तालमीआधी शाळेच्या मैदानाला दोन फेऱ्या मारून तेच गाणं म्हणायला लावलं. पंधरा दिवसांत फरक पडला.

दुसरी अडचण पट्टीची. बाईमाणसाचा आवाज साधारण काळी चार-पाचला बसतो, पुरुषाचा काळी एक-दोनला. नवरा-बायकोचं दोनपात्री नाटक घेतलं आणि दोघांना एकत्र गाणं दिलं, तर एकजण तरी ओढूनताणून गाणार. आमच्याकडे दोघी बायका असल्याने हे निभावलं, तरी एकीचा आवाज दुसरीपेक्षा खाली. पेटीवाल्याने दोघींना आठवडाभर वेगवेगळं बसवून मधली पट्टी काढली. म्हणून म्हणतो, संहिता नक्की करायच्या आधी पेटीवाला गाठा. त्याने दोन्ही आवाज ऐकल्याशिवाय पात्रं ठरवू नका. आमचा पेटीवाला शेजारच्या गावचा, सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घालतो, त्यामुळे तालीम त्याच्या म्हशींच्या वेळेवर चालते.

मोबाइलवरच्या ट्रॅकवर का नाही, असं पोरं विचारतात. खर्च वाचतो हे खरं. आमच्या अंदाजपत्रकात पेटी, तबला आणि साउंडचा खर्च नेपथ्याच्या तिप्पट निघालाय. पण ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. नटी एक वाक्य विसरली, प्रेक्षकात हशा झाला, लहान पोर रडलं, तरी ट्रॅक पुढे पळतो. पेटीवाला थांबतो, सूर धरून ठेवतो, विसरलेली ओळ हळूच वाजवून आठवण करून देतो. दोन पात्रांच्या नाटकात सावरून घ्यायला तिसरा नट नसतो. तो तिसरा म्हणजे पेटीवाला.

तबल्याचंही बघा. उघड्या पटांगणात रात्री दव पडलं की चामडं ओलावा धरतं आणि सूर उतरतो. संध्याकाळी जुळवलेला तबला दुसऱ्या अंकाला खाली आलेला असतो. वर ताडपत्री पाहिजे, आणि मध्यंतरात हातोडी घेऊन परत जुळवायला पाच मिनिटं.

परदेशातही दोन नटांची संगीत नाटकं हौशी मंडळं आवडीने करतात. अमेरिकेतल्या जेसन रॉबर्ट ब्राऊन यांचं ‘द लास्ट फाइव्ह इयर्स’ हे २००१ साली आलेलं नाटक त्यातलंच. तिकडे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीकडे फी भरली की संहितेबरोबर वादकांसाठी लिहिलेलं संगीतही मिळतं. आपल्याकडे चाल कानानेच शिकायची.

आता कागदपत्रं, जिथे बहुतेक मंडळं चुकतात. आम्हीही चुकलो होतो.

पुस्तकाच्या दुकानातून नाटक विकत आणलं म्हणजे प्रयोगाचा हक्क मिळाला, असं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्यानंतर ६० वर्षं हक्क त्याच्याकडे किंवा वारसांकडे राहतो. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे त्यांच्या नाटकांचे हक्क २०५९ अखेरपर्यंत आहेत. गोविंद बल्लाळ देवल १९१६ ला गेले, त्यांचं ‘शारदा’ कुणीही करू शकतं. त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमात हौशी मंडळांसाठी एक सवलत आहे. प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेला किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला हौशी प्रयोग हक्कभंग धरत नाहीत. यात्रेतला फुकट प्रयोग त्यात बसतो. पण तिकीट लावलं, तर लेखकाची लेखी परवानगी हवीच. सवलत असली तरी लेखकाला एक फोन करावा, बॅनरवर त्याचं नाव मोठ्या अक्षरात टाकावं, असं माझं मत. बॅनरवर पुढाऱ्यांचे फोटो बारा आणि लेखकाचं नाव नाही, हे मी खूपदा पाहिलंय.

संगीत नाटकात ही भानगड दुप्पट होते. गाण्याचे शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, रेकॉर्डिंग तिसऱ्या कंपनीचं. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा आहे, पण त्याला अलीकडच्या संगीतकाराने लावलेली चाल सगळ्यांची नाही. आणि ती फुकट प्रयोगाची सवलत मोबाइलवर शूटिंग करून इंटरनेटवर टाकायला लागू पडत नाही. मागच्या नाटकात आम्ही मध्ये एक सिनेमाचं गाणं वाजवलं आणि अख्खा प्रयोग अपलोड केला. दोन दिवसांत गाण्याच्या कंपनीचा दावा आला, व्हिडिओचा आवाज बंद. मुंबईला असलेल्या पोरांनी ते नाटक मुकंच पाहिलं.

म्हणून या वेळी संहिता आमच्या तालुक्यातल्याच एका गुरुजींनी लिहिलेली घेतली. कांद्याच्या चाळीत एका रात्री सासू आणि सून कांदा निवडत बसल्यात. भाव येईल म्हणून ठेवलेला माल सडायला लागलाय आणि घरातला कर्ता बाजारातून परतलेला नाही, एवढीच गोष्ट. गाणी म्हणजे जात्यावरच्या ओव्या. त्यांच्या चाली गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी सांगितल्या. त्यांचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करून पेटीवाल्याला दिलं.

गुरुजींचं संमतीपत्र हातात आहे. संहिता मुंबईच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवलीय. जाहीर प्रयोगाआधी त्यांचं प्रमाणपत्र लागतं, लोक त्याला सेन्सॉर म्हणतात. पुढे राज्य हौशी नाट्य स्पर्धेत उतरायचं झालं तर ही दोन्ही कागदं प्रवेशिकेसोबत लागतात, म्हणून आताच करून ठेवा.

लाउडस्पीकरची परवानगी पोलीस ठाण्यातून. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या नियमांचा भाग आहे. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट मिळू शकते, पण ते दिवस आधी जाहीर झालेले असतात. यात्रेचा दिवस त्यात आहे का हे विचारून घ्या. पहाटेपर्यंत नाटक हा जमाना गेला. आमचं साडेसातला सुरू होणार, साडेनऊला संपणार.

माईकचं एकच सांगतो. कॉलर माईक साडीच्या पदराला लावला की मंगळसूत्र त्यावर घासून खरखर येते. तो केसांत, कपाळाच्या वर चिकटपट्टीने लावा. आणि दोन पात्रांसाठी तीन माईक मागवा. दोनातला एक बंद पडला तर अर्धं नाटक बंद. जनरेटरही पाहिजे, यात्रेच्या रात्री वीज कशी असते ते सांगायला नको.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि खरा अवघड तोच निघाला. सुनेचं काम करणाऱ्या अंगणवाडीतल्या ताईंच्या घरून रात्रीच्या तालमीला नकार आला. दोनच पात्रं, त्यातलं एक गेलं म्हणजे नाटकच गेलं. मंडळातले आम्ही पुरुष दोनदा जाऊन बोललो, उपयोग झाला नाही. मग सासूचं काम करणाऱ्या वहिनी स्वतः गेल्या, ताईंच्या सासूबाईंना म्हणाल्या, “आत्याबाई, तुम्हीच या ना तालमीला, ओव्या चुकल्या तर सांगायला.” तालीम दुपारी दोन ते चार, मारुतीच्या सभामंडपात, सगळ्यांदेखत ठेवली. आता आत्याबाई रोज येतात. एक ओवी आम्ही चुकीच्या चालीत बसवली होती, ती त्यांनीच सुधारली.

द्राक्षाचा खुडा सुरू झाला की दुपारची वेळही जाणार, तेव्हा तालीम पहाटे घ्यायची का यावर सध्या मंडळात वाद चालू आहे. पेटीवाल्याच्या म्हशींचं काय करायचं, हा प्रश्न तिथेच अडकलाय. प्रमाणपत्र आलं की प्रयोगाची तारीख आणि वेळ इथेच कळवतो.