एका दिवसात जाऊन येऊ

आपण गाव सोडून कधी बाहेर जातो? लग्न असले तर जातो. कोणी वारले तर जातो. कापूस विकायला हिंगणघाटच्या बाजारात जातो. घरचे माणूस आजारी पडले तर सेवाग्रामच्या दवाखान्यात जातो. पण नुसते पाहायला म्हणून, चार माणसे मिळून, सकाळी निघून रात्री घरी, असे आपण कितीदा गेलो?

आमच्या रात्रीच्या वर्गात एक आजी येतात. साठी कधीच उलटली आहे. एकदा वाचनात सेवाग्रामचे नाव आले. आजी म्हणाल्या, "मी त सेवाग्रामले सातदा गेली. आमचे धनी आजारी होते तवा. पण बापूची कुटी काही पायली नाही. दवाखान्यात गेली अन् तिथूनच वापस आली."

दवाखान्यापासून आश्रम फार लांब नाही. पण आजारी माणूस घेऊन गेलेल्या बाईला दुसरीकडे पाहायला सवड कुठली? धनी गेले, आणि आजींचे ते राहूनच गेले. त्या रात्री वर्गाने ठरवले की सहल काढायची आणि आजींना कुटी दाखवायची.

ती पहिली सहल आमची फसली. कशी फसली ते आधी सांगतो, म्हणजे तुमची फसणार नाही.

आम्ही लहानमोठी एकोणीस माणसे होतो. कोणी म्हणाले, जातोच आहोत तर वर्ध्याचे लक्ष्मीनारायणाचे देऊळ पाहू. कोणी म्हणाले, मगन संग्रहालय पाहू. कोणी पवनार सुचवले. एका भाऊने बोरधरणही घातले. आम्हीही हो हो म्हणत गेलो. कागदावर पाच नावे लिहिली. नावे लिहायला वेळ लागत नाही, पण जायला लागतो.

सकाळची गाडी पकडायची होती, ती चुकली. दुसरीने गेलो आणि सेवाग्राम स्टेशनात उतरलो. बाहेर येऊन पाहतो तो आश्रम कुठेच नाही! हे स्टेशन वर्धा शहरालगत आहे. पूर्वी त्याचे नाव 'वर्धा पूर्व' असे होते. तिथून आश्रम काही किलोमीटर लांब आहे. आम्ही पाटी बरोबर वाचली, आणि तरी फसलो. रिक्षा ठरवण्यात वेळ गेला. आधी देऊळ, मग संग्रहालय, असे करता करता आश्रमात पोचायला तीन वाजले. अर्ध्या तासात सगळे धावत पाहिले. पवनार राहिले. बोरधरणाचे तर नावच कोणी काढले नाही.

साडेसातला हिंगणघाटला उतरलो. आम्हांला वाटले, पोचलो एकदाचे. पण आमच्या गावची शेवटची बस केव्हाच निघून गेली होती. थंडीचे दिवस होते आणि सोबत दोन लेकरे होती. शेवटी एक टेम्पो केला. सगळ्या सहलीला जेवढा खर्च आला नव्हता, तेवढा त्या टेम्पोला आला. दुसऱ्या दिवशी कोणाला उठवेना. तीन बायांची त्या दिवशीची मजुरी बुडाली. एका दिवसाची सहल त्यांना दोन दिवसांना पडली.

आजी काही बोलल्या नाहीत. आम्हीच विचारले, "आजी, कुटी पाहिली ना?" त्या म्हणाल्या, "पायली ना बापा. पण धावता धावता पायली."

ते आम्हांला लागले. मग आम्ही बसून हिशेब केला की चुकले कुठे?

आम्ही सहल सकाळपासून मांडली होती. ती मांडायची असते शेवटापासून. पहिला प्रश्न 'निघायचे किती वाजता' हा नाही. 'गावची शेवटची बस किती वाजता' हा आहे. हिंगणघाटात राहणाऱ्याला हिंगणघाटात पोचले की झाले. आपल्याला तिथून पुढे गावापर्यंत जायचे असते. हे आपण विसरतो.

आता एक हिशेब करून पाहू. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. तुमचे आकडे तुम्ही बसस्थानकावर विचारून घाला.

समजा, तुमच्या गावची शेवटची बस हिंगणघाटाहून संध्याकाळी ६ ला सुटते. तिच्या आधी पाऊण तास तरी पोचावे. म्हणजे ५ वाजून १५ मिनिटे झाली. वर्धा ते हिंगणघाट सुमारे ४० किलोमीटर आहे. बसला सव्वा तास धरा. म्हणजे वर्ध्याहून ४ ची बस धरली पाहिजे. आश्रमातून वर्ध्याच्या बसस्थानकावर यायला अर्धा तास, आणि बसची वाट पाहायला अर्धा तास. म्हणजे आश्रम ३ वाजता सोडायचा. कोणी कितीही म्हटले तरी ३ वाजता.

आता सकाळ पाहा. गावची पहिली बस ७ ला. हिंगणघाट पावणेआठला. सव्वाआठची वर्ध्याची बस मिळाली तर साडेनऊला वर्धा आणि सव्वादहाला आश्रम. सव्वादहा ते तीन, हाती उरले पावणेपाच तास. त्यात एक तास जेवणाचा. लेकरे आणि म्हातारी माणसे असली की अर्धा तास असाच जातो. राहिले सव्वातीन तास. त्यात पाच ठिकाणे कशी बसणार? एकच ठिकाण बसते. आम्ही पाच बसवायला गेलो होतो!

रेल्वेने जायचे असेल तर आणखी दोन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली गोष्ट, कोणती गाडी कुठे थांबते. हिंगणघाटाहून नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या सेवाग्राम स्टेशनावरून जातात. वर्धा स्टेशन हे मुंबई-नागपूर मार्गावरचे वेगळे स्टेशन आहे. तिकीट काढतानाच विचारा, "ही गाडी सेवाग्रामला जाते की वर्ध्याला?" सगळ्या गाड्या हिंगणघाटला थांबतही नाहीत.

दुसरी गोष्ट रेल्वेच्या घड्याळाची. रेल्वेत दुपारी एक वाजला की १३ म्हणतात. दोनला १४, तीनला १५. पाटीवर १७:४० दिसले तर घाबरू नका. सतरातून बारा वजा करा. पाच राहिले. म्हणजे संध्याकाळचे ५ वाजून ४० मिनिटे. रात्रीचे बारा वाजले की तारीख बदलते. पाटीवर ००:२० असेल तर ती वेळ रात्री बारा वाजून वीस मिनिटांची, आणि तारीख दुसऱ्या दिवसाची. शनिवारी रात्री जेवून निघालात आणि ००:२० ची गाडी धरायची असेल, तर तिकिटावर रविवारची तारीख पाहिजे. शिकलेली माणसेसुद्धा यात चुकतात.

खर्चाचे बोलू. एस. टी. त बायांना २०२३ सालापासून अर्धे तिकीट आहे. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२२ सालापासून तिकीट लागत नाही. ६५ ते ७५ वर्षांच्या माणसांना अर्धे लागते. वयाचा दाखला म्हणून आधार कार्ड जवळ ठेवा. घरी पेटीत ठेवलेले कार्ड बसमध्ये कामाला येत नाही. तिकिटाशिवाय रिक्षाचे पैसे आणि चहाचे पैसे धरा. त्यावर अडीअडचणीचे थोडे वेगळे बांधून एकाच्या हाती द्या. बुडालेली मजुरीही खर्चातच धरा. ती पैशाने जात नाही, म्हणून दिसत नाही, एवढेच.

दिवस कोणता धरावा? उन्हाळ्यात नको. आपल्याकडचे वैशाखातले ऊन तुम्हांला ठाऊक आहे. वेचणी उरकली की संक्रांतीपासून शिवरात्रीपर्यंतचे दिवस बरे. बाजाराचा दिवस टाळावा, बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. जिथे जायचे ते ठिकाण कोणत्या वारी बंद असते, हेही आधी विचारून घ्यावे. शिदोरी घरचीच न्यावी. दशम्या आणि तिळाची चटणी दिवसभर टिकते. पाणी जास्त न्यावे.

एवढे करून आम्ही दुसऱ्यांदा निघालो. या वेळी कागदावर एकच नाव होते, सेवाग्राम.

गांधीजी १९३६ साली या गावी राहायला आले. तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. दुसऱ्या शेगावशी घोटाळा होई, पत्रे तिकडे जात. म्हणून १९४० साली सेवाग्राम हे नाव ठेवले. आत गेल्यावर पहिली नजर घरांवर जाते. मातीच्या भिंती, वर कौले, बांबू, चटया. आमच्यातला एक भाऊ गवंडीकाम करतो. तो भिंतीवरून हात फिरवत बराच वेळ उभा होता. म्हणाला, "हे त आपल्याच घरासारखं हाय." बापूकुटी ही आधी मीराबेनची कुटी होती. मीराबेन म्हणजे गांधीजींच्या इंग्रज शिष्या. त्यांनी आपल्या हाताने भिंतीवर झाडे आणि चरखा मातीत उठवले आहेत. साप धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजराही तिथे ठेवला आहे. आश्रमात साप निघाला तर मारीत नसत. धरून लांब सोडून देत. टेलिफोनही आहे. व्हाइसरॉयला गांधीजींशी बोलता यावे म्हणून तो त्या खेड्यात आणून बसवला होता.

आजी बराच वेळ परचुरे शास्त्र्यांच्या कुटीपाशी बसल्या. परचुरे शास्त्री मोठे विद्वान होते. त्यांना महारोग झाला. त्या काळी अशा माणसाला कोणी उंबऱ्यात उभे करीत नसे. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांची सेवा केली. पाटीवर लिहिलेले आजींनी एकेक अक्षर लावून वाचले. आम्ही मध्ये बोललो नाही. वेळ लागला, पण तो आमच्याजवळ होता.

तीनला निघालो. उजेड होता तोवर गावात पोचलो.

पवनार पुढच्या खेपेला ठेवले आहे. ते वर्ध्याहून नागपूरच्या वाटेवर आहे. धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम आहे. विनोबा १९३८ साली तिथे राहायला आले. १९५९ साली त्यांनी तिथे बायांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढले. १९८२ साली त्यांनी तिथेच देह ठेवला. आश्रमाची जमीन खणताना जुन्या मूर्ती निघाल्या, त्यांत भरत-रामाच्या भेटीची आहे. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्याच दिवशी पाहता येईल. जमनालाल बजाज यांनी १९२८ साली ते सर्वांना खुले केले. ज्यांना तोवर देवळाच्या पायरीवरही येऊ देत नसत, ते आत गेले.

बोरधरणाला जंगल आहे. २०१४ साली ते व्याघ्र प्रकल्प झाले. तिथे आपल्या मनाने हिंडता येत नाही, आधी परवानगी लागते. आपल्या अंगावरून ते एका दिवसात जमणे कठीण.

डोंगर पाहायचा असेल तर समुद्रपूर तालुक्यातले गिरड आहे. जामवरून समुद्रपूर आणि पुढे गिरड. टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. हिंदू जातात, मुसलमान जातात. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात, नारळ-सुपारीसारखे. दोन व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा त्यांचा सगळा माल दगड झाला, अशी गोष्ट लोक सांगतात. भूगर्भाचे जाणकार वेगळे सांगतात. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस वर आला. तो थंड होताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पाणी झिरपून त्यांत क्षार भरले आणि त्यांचे असे गोटे झाले. आपली काळी माती त्याच दगडाची झाली आहे.

आणि ज्याच्याजवळ एका सकाळचीच सवड आहे, त्याने हिंगणघाट सोडायलाच नको. वणा नदीच्या या गावात एका इंग्रज मोजणीदाराची कबर आहे. त्याचे नाव विल्यम लॅम्ब्टन. १८०२ साली त्याने मद्रासहून सगळा हिंदुस्थान मोजायला घेतला. तलाठी शेत मोजताना साखळी टाकतो ना? तशीच साखळी टाकून पहिली रेघ मोजली. मग टेकडी टेकडीवर दुर्बीण लावून, त्रिकोणामागून त्रिकोण मांडत तो उत्तरेकडे आला. नागपूरला निघाला असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटात वारला. आपण कापसाची गाडी घेऊन वर्षानुवर्षे बाजारात येतो, पण ही कबर आपल्यातल्या किती जणांनी पाहिली?

आजींनी आता गिरडचे काढले आहे. बसच्या वेळा त्यांनी स्वतः बसस्थानकावर जाऊन पाटीवरून उतरवून आणल्या. परतीची बस सगळ्यांत वर लिहिली आहे.