वाळवंटातलं स्कॉटलंड: दुसऱ्याचं मॉडेल आणताना काय घ्यायचं, काय सोडायचं?



"मोठ्या शहरात जोरात चालणारं दुकान आमच्या गावात चालेल का?" हा प्रश्न तुम्ही नेहमी विचारता. त्याचं उत्तर आज एका गोल्फ कोर्सवरून समजून घेऊ. गोल्फ येत नसला तरी चालेल.

आधी 'लिंक्स' म्हणजे काय ते बघा. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेतं यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्यांची पट्टी असते. शेतीला ती फारशी कामाची नाही, पण गोल्फ वाढला तो तिथेच. झाडं जवळपास नाहीत, जमीन कडक, गवत आखूड आणि वारा कायमचा. चेंडू उंच गेला की वारा त्याला भरकटवतो, म्हणून खेळाडू तो खालूनच मारून घरंगळू देतात.

आता अबू धाबीला चला. तिथल्या यास बेटावर २०१० मध्ये 'यास लिंक्स' सुरू झालं. डिझायनर काइल फिलिप्स. स्कॉटलंडमधलं किंग्जबार्न्सही त्यांचंच काम. पण इथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर. स्कॉटलंडचं फेस्क्यू गवत इथे टिकलंच नसतं!

मग केलं काय? समुद्रातून उपसलेल्या वाळू-मातीचे उंचवटे उभारले. गवत लावलं पास्पलम, जे उष्णता आणि खारेपणा दोन्ही सोसतं. त्याची किंमतही आहे: या दाट गवतावर चेंडू फेस्क्यूइतका सहज घरंगळत नाही.

वारा मात्र तिथे आधीपासून होता. २०२२ मध्ये अबू धाबी चॅम्पियनशिप या कोर्सवर आली, तेव्हा दुसऱ्या दिवशी वाऱ्यामुळे खेळ थांबवावा लागला.

आता तुमच्या धंद्याकडे या. शहरातला कॅफे बघून तुम्ही कर्ज काढता आणि तसंच फर्निचर, तसेच दिवे, तसंच मेन्यूकार्ड करता. पण तो कॅफे चालतो शेजारच्या ऑफिसांमधल्या गर्दीवर. फर्निचर म्हणजे गवत, ते बदलता येतं. गर्दी म्हणजे वारा. तो विकत मिळत नाही.

म्हणून पैसे गुंतवण्याआधी वहीत तीन उत्तरं लिहा:

१. मूळ धंदा नेमका कशावर चालतो?
२. त्यातलं माझ्या जागेत आधीच काय आहे?
३. जे बदलावं लागेल, त्यात काय गमवावं लागेल?

दुसरा रकाना कोरा राहिला, तर कर्जाच्या अर्जावर सही करू नका. आधी जागा बदला, नाहीतर धंदा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!